पाचगावकडं नियोजित वसाहतीत रो-हाऊस घ्यावं का?

प्रश्न: रस्ते रुंद, बाग, गेटवर वॉचमन. पण शहराबाहेर. फायदे-तोटे सांगा.

उत्तर १: आधी पाणी बघा. एप्रिल-मेमध्येच जाऊन राहणाऱ्यांना विचारा: नळाला पाणी किती वेळ, टँकरचा खर्च मेंटेनन्समध्येच की वेगळा? बोअरचं पाणी जड असेल तर गिझरच्या कॉईलवर पांढरा थर चढतो, कॉईल जळते. सांडपाण्याचा प्लँट नुसता बांधलाय की चालू आहे, तेही बघा. वीजबिल परवडेना की तोच पहिला बंद पडतो.

उत्तर २: सातबारा, एनए (जमीन बिगरशेती केल्याची परवानगी), महारेरा क्रमांक (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक) तपासाच. बाग मंजूर ले-आउटमध्ये 'खुली जागा' म्हणून दाखवलेली हवी, नुसती माहितीपत्रकात नको. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (घर राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) ताबा घेऊ नका. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणं बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. तक्रार लेखीच द्या.

उत्तर ३: पोरं बिनघोर खेळतात, हे लाखमोलाचं. पण म्हाताऱ्या माणसांना गाडीशिवाय भाजीसुद्धा आणता येत नाही, याचा विचार करा.