मदत हवी आहे : माडीच्या फळ्यांच्या फटी कशा बुजवाव्यात? खालचा वास वर येतो

माडीकर : जुन्या वाड्याची वाटणी झाली. खालचा हिस्सा काकांकडे, माडी आमच्याकडे. जमीन सागवानी फळ्यांची, आणि फटी इतक्या की खाली दिवा लागला की वर उजेडाच्या रेघा दिसतात. खालचा सगळा वास वर येतो, रात्री झोप नाही. भुसा-फेविकॉल भरू की सिलिकॉन? सुतार याच आठवड्यात मोकळा आहे. लवकर सांगा.

रंधा : फट किती रुंद? फळ्या हलतात का?

माडीकर : कुठे पोस्टकार्ड जात नाही, कुठे करंगळी जाते. भिंतीकडच्या काही हलतात.

रंधा : हलणाऱ्या फळ्या आधी स्क्रूने नाटांना (फळ्यांखालच्या तुळयांना) कसून घ्या, नाहीतर काहीच टिकणार नाही. आत्ता पावसाळ्यात लाकूड फुगलेलं आहे, तरी एवढी फट. आपल्याकडचा मे महिना लागला की ती आणखी उघडेल आणि भुसा-फेविकॉलचे पोपडे निघतील. तो फक्त बारीक फटींना ठीक. मधल्या फटींत सुतळी दाबून बसवा, वरून ॲक्रिलिक सीलंट. करंगळीएवढ्या फटींत सागाची पट्टी, डिंक एकाच बाजूच्या फळीला, म्हणजे दुसरी हलायला मोकळी राहते. सिलिकॉनवर पॉलिश धरत नाही.

वावरवाला : काहून एवढा खर्च करता भाऊ? जुने लोक फळ्यांवर माती टाकून सारवत होते. माह्या मामाच्या माडीवर अजूनही तेच हाय, खालचा धूरही वर येत नाही. तुमची माती कोनं काढली?

माडीकर : वडिलांनी. वाळवी लागली होती, नाटा झुकल्या होत्या.

रंधा : मग माती नकोच. चार इंच थर म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर वजन.

वावरवाला : मामाचं घर तर उभं हाय ना!

चंद्रपूरकर : पट्ट्यांसाठी बल्लारपूर डेपोचं सागवान मिळालं तर बघा. अयोध्येच्या राममंदिराला २०२३ मध्ये तिथूनच लाकूड गेलं.

सिस्टर_ताई : वास कशाचा, ते कोणीच विचारलं नाही.

माडीकर : फवारणीच्या औषधांचा. पऱ्हाटीचा हंगाम चालू आहे, काका डबे आणि पंप खालच्या खोलीत ठेवतात.

सिस्टर_ताई : दादा, हे आधी सांगायचं ना! वर कोण झोपतं?

माडीकर : आई आणि दोन लेकरं.

सिस्टर_ताई : आज रात्रीपासून त्यांना दुसरीकडे झोपवा. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. ते वावरातलं होतं, पण बंद खोलीत साचलेली वाफही साधी नाही. डोकं दुखणं, मळमळ, लाळ, घाम, बाहुल्या बारीक होणं, यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना, आणि औषधाचं लेबल सोबत न्या.

वावरवाला : तोवर कापूर जाळा, वास जाते.

सिस्टर_ताई : कृपा करून नको. वास झाकला तरी औषध हवेतच राहतं, आणि बऱ्याच औषधांतलं द्रावक पेट घेणारं असतं.

रंधा : तरी फटी बुजवायलाच हव्यात.

सिस्टर_ताई : बुजवा, पण जिन्यातून आणि भिंतीच्या कडेने हवा येतच राहील. डबे राहत्या घरातून हलले पाहिजेत. कुलूप लागणारी पत्र्याची पेटी, माणसं आणि चारा यांपासून दूर. डब्यासोबतच्या पत्रकातही हेच असतं. काकांना दाखवा.

माडीकर : वाटणीपासून काका आमच्याशी बोलत नाहीत.

वावरवाला : काकूले सांगा. नातवंडांचं नाव काढलं की कोनती बाई नाही म्हनते?

माडीकर : काकूंशी बोललो. उद्या पेटी वावरातल्या खोलीत जाते, पंपही. आई आणि लेकरं मावशीकडे आहेत. रंधा भाऊ, सुतार परवा येतोय. पट्टी किती जाड घेऊ?

रंधा : फटीपेक्षा कणभर बारीक, खाली जरा निमुळती. फळीची जाडी मोजून टाका, मग उंची सांगतो. भिंतीच्या कडेची फटही मोजा.