शीव, सीमा, हद्द की रेषा? आफ्रिकेच्या नकाशासाठी नेमका शब्द

विचारणा
वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी आफ्रिकेच्या नकाशावर लेख लिहिते आहे आणि एका साध्या शब्दापाशी अडले आहे. इजिप्त-सुदान, अल्जीरिया-माली, नामिबिया-बोत्स्वाना या देशांमध्ये पट्टी ठेवून मारलेल्या रेघा दिसतात, त्यांना काय म्हणावं? 'सीमा' लिहिलं की माझ्या डोळ्यांपुढे ओढा, टेकडी, गावाबाहेरचा मारुती असं काहीतरी येतं. 'कृत्रिम सीमा' म्हणावं तर ते पाठ्यपुस्तकी वाटतं. शिवाय कुठली सीमा माणसाने केलेली नसते? जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद १
तुमच्या डोळ्यांपुढे मारुती येतो तो 'सीमा'मुळे नाही, 'शीव'मुळे. शब्द मुळात एकच. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तशी सीमेची शीव झाली. पण तत्सम रूप कागदावर गेलं आणि तद्भव रूप शेतात राहिलं. शिवार, शिवरस्ता, शिवेवरचा म्हसोबा या सगळ्यांत पायाखालची जमीन आहे. 'हद्द' अरबीतून आली, 'सरहद्द' फारसीतून. हद्दीला अंमलाचा वास आहे: पोलीस ठाण्याची हद्द, महापालिकेची हद्दवाढ, हद्दपारी. अमुक ठिकाणापर्यंत आमचा हुकूम चालतो, एवढंच हद्द सांगते. तिथे राहतं कोण, याच्याशी तिला कर्तव्य नाही. तुमच्या लेखाला हद्दच बरी.

प्रतिसाद २
वर्तमानपत्रांनी याचं उत्तर नकळत देऊन ठेवलंय. ड्युरँड रेषा, मॅकमहोन रेषा, रॅडक्लिफ रेषा. 'रॅडक्लिफ सीमा' असं कोणी म्हणत नाही. साहेबाचं नाव लागलं की पुढे रेषाच येते. 1893 साली मॉर्टिमर ड्युरँडने अफगाणिस्तानच्या अमिराशी करार करून रेघ ओढली आणि पश्तून दोन्हीकडे राहिले. सिरिल रॅडक्लिफ तर 8 जुलै 1947 ला भारतात प्रथमच आला आणि पाच आठवड्यांत त्याने पंजाब-बंगाल कापून दिले. रेषेला लांबी असते, रुंदी नसते, ही भूमितीतली व्याख्या इथे अक्षरशः लागू पडते. शिवेला मात्र रुंदी असते. दोन गावांच्या मधला तो पट्टा, जिथे दोन्हीकडची गुरं चरतात.

प्रतिसाद ३
शीव शब्द निघालाच आहे तर मुंबईचं शीव विसरू नका. 1665 मध्ये मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात आलं तेव्हा खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. त्यामुळे शीव हे गाव दोन युरोपीय सत्तांच्या मधोमध आलं, आणि इंग्रजांनी तिथल्या टेकडीवर किल्ला बांधला तो याच हद्दीवर नजर ठेवायला. पुढे 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली. आज लोकलमध्ये 'सायन' ऐकताना कोणाच्या लक्षात येत नाही की आपण एका सरहद्दीचंच नाव ऐकतो आहोत.
(गोव्यातही पाहा. तेरेखोल नदी ओलांडून उत्तर काठावर गेलं तरी तेरेखोलचा किल्ला गोव्यातच. पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून 1746 मध्ये घेतला म्हणून. नदीने हद्द ठरवली असती तर तो सिंधुदुर्गात असता.)

प्रतिसाद ४
लेखात एक चूक होऊ देऊ नका. बर्लिनच्या परिषदेत टेबलावर नकाशा पसरून आफ्रिकेच्या रेघा मारल्या, असं सर्रास लिहिलं जातं. तसं झालं नाही. नोव्हेंबर 1884 ते फेब्रुवारी 1885 या काळात बिस्मार्कने चौदा सत्ता एकत्र बसवल्या (आफ्रिकेतला एकही राजा किंवा सरदार नव्हता) आणि काँगो-नायजर नद्यांवरच्या व्यापाराचे, तसंच किनाऱ्यावर नव्याने हक्क सांगण्याचे नियम ठरले. रेघा आल्या त्या आगेमागे, दोघादोघांनी केलेल्या करारांतून. शब्दचर्चेच्या दृष्टीने त्यातला एक नियम महत्त्वाचा आहे: नुसता झेंडा रोवून चालणार नाही, 'प्रत्यक्ष ताबा' दाखवावा लागेल. आपल्याकडे सातबारावाल्या भाषेत याला वहिवाट म्हणतात. फरक असा की वहिवाट कसणाऱ्याची असते. इथे कसणारा कोण हे विचारायचंच नव्हतं.
म्हणून 'आफ्रिकेची वाटणी' हा रूढ शब्दही मला खटकतो. वाटणी वारसांत होते. वारस बाहेर उभे आणि शेजारचे पाहुणे आत बसून खातेफोड करताहेत, याला वाटणी कसं म्हणायचं? गोव्यात पोर्तुगीजांनी टप्प्याटप्प्याने घेतलेल्या मुलखाला 'जुन्या काबिजादी' आणि 'नव्या काबिजादी' म्हणतात. त्या शब्दात निदान लपवाछपवी नाही. काबीज केलं म्हणून काबिजाद.

विचारणारी
काबिजाद! हा शब्द मी लेखात कुठेतरी बसवणारच. वाटणीबद्दलही पटलं.
पण 'रेषा' सरसकट वापरता येईल का? माझी दोन उदाहरणं सरळ रेघेची नाहीतच. पहिलं गांबिया. 1889 च्या ब्रिटिश-फ्रेंच करारात नदीच्या दोन्ही काठांपासून साधारण दहा-दहा किलोमीटर जागा ब्रिटनला मिळाली. देशाचा आकारच नदीच्या वळणांसारखा, तिन्ही बाजूंनी सेनेगल. नदीचं पाणी एका देशाचं आणि नदीकाठापासून अर्ध्या दिवसाच्या चालीवरचं गाव दुसऱ्याचं. दुसरं उदाहरण नामिबियाच्या ईशान्य कोपऱ्यातून पूर्वेला गेलेली चिंचोळी पट्टी, जुनं नाव काप्रिवी पट्टी. ते नाव जर्मन चॅन्सेलर काप्रिवीचं. 1890 च्या करारात जर्मनांनी ती मिळवली, कारण त्यांना झांबेझीपर्यंत पोचायचं होतं. नदीच्या वाटेने हिंदी महासागर गाठू, असा बेत. खाली व्हिक्टोरिया धबधबा आहे, तिथून कोणती बोट उतरणार होती कोण जाणे! बेत पाण्यात गेला, पट्टी मात्र नकाशावर राहिली. या दोन्हींना रेषा म्हणवत नाही.

प्रतिसाद ५
'आखीव' हे विशेषण वापरून पाहा. आखीव कागद म्हणतो तसं. रेघ सरळ असो की नदीला समांतर वळणारी, दोन्ही आखलेल्याच. शिवाय आखण्याच्या आधी जागा पाहिलेली असायला हवी अशी अट या शब्दात नाही. ब्रिटनचा पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी स्वतःच गमतीने म्हणाला होता की आम्ही एकमेकांना डोंगर, नद्या आणि सरोवरं देत होतो, अडचण एवढीच की ती नेमकी कुठे आहेत ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे उलटा क्रम आहे. भूमी अभिलेखचा माणूस हद्दकायम मोजणीला येतो तेव्हा बांध आधीच असतो, भांडणही आधीच असतं, तो फक्त खुणा करून जातो.

प्रतिसाद ६
थोडं विषयांतर. संस्कृत 'सीमन्'चा एक अर्थ केसांतला भांग. सीमंत, सीमंतिनी हे त्यातूनच आले. म्हणजे सरळ रेघेची कल्पना 'सीमा' शब्दाला परकी नाही. आणि लग्नातलं सीमांतपूजन, ज्याचं लोकांनी हौसेने श्रीमंतपूजन करून टाकलंय, ते गावच्या शिवेवर येऊन वऱ्हाडाचं स्वागत करणं होतं.

प्रतिसाद १ (पुन्हा)
भांगाचं मान्य, पण भांग ज्याचा त्याने पाडायचा असतो. दुसऱ्याने येऊन पाडला तर?

प्रतिसाद ४ (पुन्हा)
आणि एकदा पडला की मोडताही येत नाही. 1964 मध्ये कैरोला आफ्रिकी एकता संघटनेने ठराव केला की स्वातंत्र्य मिळतानाच्या हद्दी सगळ्यांनी पाळाव्यात. एकाने ओढाताण सुरू केली तर कोणाचंच घर शाबूत राहणार नाही, हा हिशेब होता. सोमालियाने तो ठराव मानला नाही. सोमाली लोक ब्रिटिश, इटालियन आणि फ्रेंच सोमालीलँड, इथिओपिया आणि केनिया अशा पाच ठिकाणी विभागले गेले होते. त्यांच्या झेंड्यावरच्या ताऱ्याची पाच टोकं म्हणजे हेच पाच भाग. त्यामुळे लेखात 'आखीव हद्द' लिहा, पण ती आता त्या देशांचीही झाली आहे, हे निसटू देऊ नका.

विचारणारी
मग वाक्य असं करते: "सोमाली मेंढपाळांची शीव पाऊस आणि चारा ठरवत असे, युरोपीय सत्तांनी तिच्यावर पाच आखीव हद्दी बसवल्या." चालेल?

प्रतिसाद २ (पुन्हा)
पाच हद्दी नव्हे, पाच तुकडे. पाच तुकड्यांना हद्दी किती लागतात ते नकाशावर मोजून बघा. आणि इथिओपिया युरोपीय नाही. तिथल्या सम्राट मेनेलिकनेही ओगादेनचा मुलूख घेतला होता. "युरोपीय सत्तांनी आणि इथिओपियाने" असं करा.

विचारणारी
केलं. शेवटचं: "शीवेवर" की "शिवेवर"?

प्रतिसाद १ (पुन्हा)
शिवेवर. जीभ-जिभेवर तसं. तद्भव आहे, सामान्यरूपात ऱ्हस्व होतो.