शब्दचर्चा: ‘माइल्ड विंटर’ मराठीत कसा सांगायचा?

लीड्सवासी

मी इंग्लंडमधल्या लीड्सला राहते. प्रश्न घरगुती आहे. परवा नाशिकला आईला फोनवर म्हटलं, “यंदा इकडे माइल्ड विंटर आहे.” ती म्हणाली, “म्हणजे थंडी आहे की नाही, ते सांग.” मी अडकले. जानेवारी अर्ध्यावर आला, पारा ८-९ अंशांच्या खाली जायला तयार नाही. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की वारा कानशिलं सोलून काढतो. दोन छत्र्या उलट्या होऊन कचऱ्यात गेल्या. आणि बर्फाचा पत्ता नाही.

आमच्या शेजारचे आजोबा बर्फाचे दर्दी आहेत. रात्री दिवाणखान्यातला दिवा मालवून समोरच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे बघत बसतात, कारण पहिला कण दिसतो तो त्या उजेडाच्या झोतात. इथे असे छंदिष्ट पुष्कळ आहेत. दिवसातून चार वेळा संगणकी अंदाजांचे नवे नकाशे येतात, ते बघून यांचा दिवस चांगला जातो किंवा वाईट. नकाशात दहा दिवसांनंतर पूर्वेचा गार वारा असतोच. दुसऱ्या दिवशी बघावं तर तो पुन्हा दहा दिवस पुढे.

तर या हिवाळ्याला मराठीत काय म्हणायचं? आणि स्नोला ‘बर्फ’ म्हणणं बरोबर की ‘हिम’?

शब्दवेल्हाळ

सौम्य हिवाळा. झालं की.

पडवीकर

‘सौम्य’ कागदावर ठीक. बोलताना भूकंपाचे धक्के सौम्य, औषध सौम्य आणि पोलिसांचा लाठीमार सौम्य. कानशिलं सोलणारा वारा या शेवटच्या जातीतला दिसतो. सौम्य तो बातमी लिहिणाऱ्याला, पाठीवर घेणाऱ्याला नाही.

संध्याछाया

‘गुलाबी थंडी’ चालेल का? फार नाही, हवीहवीशी.

लीड्सवासी

नाही हो! गुलाबी थंडीला सकाळचं कोवळं ऊन लागतं, कोरडी हवा लागते, हातात चहाचा कप लागतो. इथे दुपारी साडेतीनला अंधारून येतं, दिवसभर मळभ, आणि पाऊस वरून न पडता समोरून येतो.

पडवीकर

समोरून येतो त्याला आमच्याकडे ‘वावझड’ म्हणतात. वाऱ्याबरोबर तिरपी आत घुसते ती. पडवीत ठेवलेली लाकडं भिजतात ती पावसाने नाही, वावझडीने. म्हणून पावसाळ्याआधी झापं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, बांधायची. तुमच्याकडे ती हिवाळ्यात येते एवढाच फरक. छत्रीचा उपयोग नाही हे आमच्या आजीला विचारलं असतं तर दोन छत्र्यांचे पैसे वाचले असते.

लीड्सवासी

वावझड! हा शब्द मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. घेतला.

द्राक्षबाग

निफाडकडचा आहे, म्हणून थंडीवर बोलायचा हक्क बजावतो. आम्ही ‘सौम्य हिवाळा’ वगैरे म्हणत नाही. आम्ही म्हणतो, “यंदा थंडी पडलीच नाही.” विषय संपला. थंडी पडली की गहू-हरभरा खूश, आणि जास्तच पडली की द्राक्षवाल्याची झोप उडाली. घडांची फुगवण थांबते, मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक चालू ठेवायचं. थंडी पडली नाही आणि आभाळ भरून राहिलं, तर पिकावर मावा ही कीड आणि भुरी हा रोग. तुमच्या शेजारच्या आजोबांसारखं नुसतं बर्फासाठी थंडीची वाट बघणं आम्हाला परवडत नाही.

शब्दवेल्हाळ

पण त्यांना थंडी तर लागतेय ना? मग पडली नाही कसं म्हणता?

जुनीपोथी

‘लागतेय’ नाही, ‘वाजतेय’. थंडी लागणं हे हिंदीच्या शेजाराने आलेलं आहे, असो.

पण तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. मराठीत थंडीला दोन क्रियापदं आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. थंडी पडते ती गावात, शिवारात. तिथे पारा उतरतो. थंडी वाजते ती अंगात. निफाडला दोन्ही एकदम होतात म्हणून फरक जाणवत नाही. लीड्सला नुसती वाजते, पडत नाही. त्वचेला लागून हवेचा एक ऊबदार पातळ थर असतो, तो वारा सारखा उडवून नेतो. हवामानवाल्यांच्या सूत्रात ७ अंश तापमान आणि ताशी ५० किलोमीटरचा वारा घातला, तर अंगाला ते साधारण १ अंशासारखं वाटतं. अंग कुडकुडतं, पण डबक्यातलं पाणी गोठत नाही. डबक्याला थंडी वाजत नाही ना.

तेव्हा आईला सांगा, “थंडी वाजते, पण पडली नाही.”

संध्याछाया

वा! मग जरा पुढे जाऊ. मराठीत काय काय ‘पडतं’? ऊन, पाऊस, दव, धुकं, अंधार, चांदणं, थंडी, बर्फ. वारा मात्र सुटतो. आणि वारा ‘पडला’ म्हणजे थांबला! शीड लावून जाणारे म्हणायचे ना, वारा पडला, होडी जागेवर.

जुनीपोथी

सुंदर. आणि हे नुसतं भाषेचं गंमतीचं प्रकरण नाही. वारा पडल्याशिवाय थंडी पडत नाही. रात्री आकाश निरभ्र, वारा पडलेला, की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि गार हवा खाली बसते. म्हणून महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावरचं दव गोठतं. वारा असला की वरची-खालची हवा घुसळली जाते. ब्रिटनमध्ये तर तो वारा अटलांटिकवरून येतो, समुद्राची ऊब घेऊन. आइसलँडपाशी हवेचा दाब फार कमी आणि अझोर्स बेटांपाशी जास्त असला, की पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि बर्फाळ पूर्ववारा युरोपातच अडून राहतो. म्हणजे आजोबांचा वैरी जो वारा आहे, तोच त्यांचा हिवाळा उबदार ठेवतोय.

लीड्सवासी

हे मी आजोबांना सांगितलं. त्यांना पाठ होतं. म्हणाले, फेब्रुवारी २०२२ मध्ये आठवड्याभरात डडली, युनिस, फ्रँकलिन अशी तीन वादळं आली. युनिसमध्ये आइल ऑफ वाइटच्या टोकाला ताशी १९६ किलोमीटरचा झोत मोजला गेला, हा इंग्लंडचा विक्रम. नावं २०१५ पासून ठेवायला लागले. आजोबा म्हणतात, वाऱ्याचं बारसं करतात, बर्फाचं कोणी करत नाही.

पडवीकर

वादळ म्हणण्यावर माझा आक्षेप. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, ते वादळ. पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. छत्री उलटली त्याला आम्ही ‘वारं सुटलंय’ म्हणतो.

लीड्सवासी

छत्रीच्या वाऱ्यापुरतं कबूल. युनिसमध्ये मात्र माणसं गेली, तिथे वादळच म्हणायचं.

द्राक्षबाग

बर्फ की हिम, ते राहिलंच.

शब्दवेल्हाळ

सरळ आहे. बर्फ म्हणजे आइस, लादी, गोळ्यावाल्याचा. हिम म्हणजे स्नो. स्नोला बर्फ म्हणणं ही चूक.

जुनीपोथी

इतकं सरळ नाही. ‘बर्फ’ फारसीतून आला, आणि फारसीत बर्फ म्हणजे आकाशातून पडतो तो, स्नोच. गोठलेल्या पाण्याला त्यांचा वेगळा शब्द आहे, ‘यख’. आपण त्यांचा पडणारा बर्फ घेतला आणि लादीला चिकटवला, कारण आपल्याकडे पडतच नव्हता. जो डोळ्यांना दिसला तो जहाजातून आलेला. १८३३ मध्ये अमेरिकेतून कलकत्त्याला तळ्यातला बर्फ भुशात गुंडाळून आणला गेला, मग मुंबईलाही यायला लागला. मासळी बाजारातल्या माणसाला ‘बर्फ’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येणार? लादी.

तेव्हा लीड्समध्ये “बर्फ पडला” म्हणणारा चुकत तर नाहीच, उलट शब्द मूळ घरी पोचवतोय. ‘हिम’ला काही कमी लेखत नाही. ‘हिवाळा’ हा ‘हिमकाल’वरूनच आला, ‘हेमंत’ त्याच कुळातला, लॅटिनमधला हिवाळ्याचा ‘हिएम्स’ त्याचा दूरचा भाऊ. पण बोलताना “आज हिम पडलं” म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. हिम जोडशब्दांत राहतं: हिमकण, हिमवृष्टी, हिमालय.

संध्याछाया

बर्फ पडला की पडलं?

जुनीपोथी

दोन्ही ऐकू येतं. माझ्या कानाला ‘पडला’ बरा. मात्र ‘बर्फ विरघळला’ नको. साखर विरघळते, बर्फ वितळतो. आणि पाणी गोठतं, तूप थिजतं, रक्त साकळतं.

पडवीकर

पाऊस आणि बर्फ एकत्र पडतो त्याला काय म्हणाल? गारा नव्हेत. गारा टणक असतात, पत्र्यावर वाजतात.

शब्दवेल्हाळ

‘बर्फपाणी’?

द्राक्षबाग

बर्फ-पाणी म्हणजे आमचा शाळेतला खेळ! ज्याला राज्य तो पाठलाग करणार, शिवला की बर्फ, सवंगड्याने हात लावला की पाणी.

लीड्सवासी

तरीसुद्धा बर्फपाणीच. इथे नेमकं तेच होतं: बर्फ होतो, जमिनीला हात लागला की पाणी.

आता शेवटचा. आजोबांना बर्फाने ‘दडी मारली’ म्हणू की ‘हुलकावणी दिली’?

संध्याछाया

दडी मारायला आधी यावं लागतं. जूनमध्ये पाऊस येतो आणि जुलैत गायब होतो, ती दडी. येतोय येतोय म्हणत बगल देऊन जातो ती हुलकावणी. नकाशात रोज दहा दिवसांवर उभा राहणारा बर्फ हुलकावणीच देतोय.

लीड्सवासी

बरोबर. दडी मोजायची तर मार्च २०१८ पासून मोजावी लागेल, असं ते म्हणतात. तेव्हा सायबेरियाकडून पूर्वेचा वारा आला होता आणि आजोबांनी गुडघाभर बर्फात फोटो काढून घेतला होता, तो अजून फ्रिजवर आहे. इथे ख्रिसमसला बर्फ पडला असं जाहीर करायची अटही मजेदार आहे: २५ डिसेंबरच्या २४ तासांत देशात कुठेही एक कण पडताना दिसला, की झालं. त्या हिशेबाने बहुतेक वर्षी बर्फ ‘पडतो’, फक्त तो उत्तर स्कॉटलंडमधल्या कुणाच्या तरी अंगणात. आजोबांना हा हिशेब मान्य नाही. त्यांच्या मते पाऊल उमटलं पाहिजे.

काल रात्री अकरा वाजता त्यांनी दार ठोठावलं. मला वाटलं तब्येत बिघडली. म्हणाले, लवकर या, दिव्याखाली बघा. गेले. झोतात पांढरं काहीतरी तिरपं जात होतं, मधूनच एखादा कण वर उडत होता. त्यांनी कोटाची काळी बाही पुढे धरली. एक कण बसला, सहा टोकं दिसतायत म्हणेपर्यंत थेंब झाला. पाच मिनिटांत सगळी वावझड.

सकाळी आईला फोन केला. म्हटलं, “थंडी वाजते पण पडली नाही, बर्फाने हुलकावणी दिली, आणि वावझडीने भिजले.” म्हणाली, “मग आधीच नाही का सांगायचं असं? कान बांधून जात जा.”

पडवीकर

आई म्हणतायत तेच. आणि छत्री घेऊ नका आता, डोक्यावरून पांघरायची खोळ घ्या.