४×१०० रिले: चौघे वेगवान असूनही वेळ का उतरत नाही? मार्क कुठे लावावा?

फोंडा_ट्रॅक
नमस्कार. १८ वर्षांखालील मुलांचा संघ आहे. चौघांच्या १०० मीटरच्या वेळा ११.२, ११.३, ११.३ आणि ११.५, म्हणजे बेरीज ४५.३. रिले मात्र ४४.९ च्या खाली येत नाही. दुसऱ्याने तिसऱ्याला बॅटन (हातातली कांडी) द्यायचा बदल झोनच्या, म्हणजे देण्याघेण्याच्या ठरलेल्या पट्ट्याच्या, अगदी शेवटी होतो, कधी आत येणारा (देणारा) बाहेर जाणाऱ्याच्या (घेणाऱ्याच्या) पाठीवर चढतो. मार्क, म्हणजे आत येणारा जिथे पोहोचताच पुढच्याने सुटायचे ती खूण, पावलांनी मोजून लावतो, पण तो ठरवायची खात्रीची रीत हवी आहे. २०२१ च्या नैरोबीतील २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेच्या मुलांनी ३८.५१ ची विक्रमी धाव घेतली. तसे बदल आपल्या मुलांना शिकवायचे तर सुरुवात कुठून करावी?

बांबोळी_वळण
सर, बेरजेतून फक्त ०.४ सेकंद कमी होणे हा बदलांचाच दोष आहे. पहिला सोडून बाकी तिघांना पळतीची सुरुवात मिळते. त्यामुळे ठीकठाक संघालाही बेरजेपेक्षा दोनेक सेकंद कमी लागायला हवेत. तुमची मुले ४३.३ च्या आसपास यायला हवीत.

मार्कचे गणित असे. तिसऱ्याला झोनच्या सुरुवातीपासून उभ्याने पळू द्या आणि २४ मीटर गाठायला लागणारा वेळ घ्या; बॅटन तिथे हातात यायला हवी. स्टॉपवॉच तुमच्या इशाऱ्यावर सुरू करा, म्हणजे त्याला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळही त्यात येईल. समजा ३.५ सेकंद लागले. आत येणाऱ्याचा शेवटच्या टप्प्यातला वेग समजा सेकंदाला ९.२ मीटर. तेवढ्या वेळात तो ३२.२ मीटर येईल. दोघांच्या हातांत मीटरभर अंतर असते, म्हणून त्याला झोनमध्ये २३ मीटरच यायचे आहे. ३२.२ वजा २३ म्हणजे ९.२ मीटर: मार्क झोनच्या रेषेच्या तेवढा मागे. २८ सेंटिमीटरच्या बुटाने ३३ पावले.

वेग दमलेल्या पायांचा घ्या, ताज्या पायांचा नव्हे. १०० मीटर पळवून शेवटचे २० मीटर मोजा. बहुतेक मार्क इथेच चुकतात: ताज्या पायांवर मोजलेला मार्क फार लांब पडतो, बाहेर जाणारा लवकर सुटतो आणि आत येणारा त्याला गाठू शकत नाही. पाठीवर चढत असेल तर उलट: मार्क जवळ आहे किंवा मुलगा उशिरा सुटतोय. आधी कोणते ते बघा, मार्क लगेच हलवू नका. हलवायचा तर एका वेळी एकच पाऊल.

आणि बॅटनचा वेळ घ्या, मुलांचा नको. बॅटन झोनमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत, ३० मीटर. ९.२ च्या वेगाने ३.२६ सेकंद होतात. ३.४ पर्यंत चांगले, ३.६ च्या वर गेले की बदल फसला म्हणून समजा, मग दिसायला कितीही सफाईदार वाटो.

वळणाच्या_आत
वरचे गणित बरोबर. हात आणि लेनकडेही लक्ष द्या. पहिला उजव्या हातात बॅटन घेऊन लेनच्या आतल्या कडेने पळतो, दुसरा डाव्या हातात घेतो आणि बाहेरच्या कडेने पळतो, तिसरा पुन्हा उजव्या हातात, आतून, चौथा डाव्या हातात. मध्ये हात बदलायचा नाही. पाठीवर चढण्याचे कारण पुष्कळदा दोघेही लेनच्या एकाच कडेला असणे हे असते.

हाक एकच, ठरलेली. हाक ऐकल्यावर बाहेर जाणारा हात मागे करून स्थिर ठेवतो, शोधत फिरवत नाही. हात आधीच मागे काढून पळणाऱ्याचा वेग तिथेच पडतो.

फोंडा_ट्रॅक
धन्यवाद. अजून दोन शंका. जुन्या मैदानावर झोन २० मीटरचा रंगवलेला आहे. आणि पावसाळ्यात हात घामाने, पाण्याने निसटतात, त्यावर काय?

बांबोळी_वळण
झोन ३० मीटरचा झाला आहे. पूर्वीची १० मीटरची वेग घ्यायची जागा आता झोनमध्येच धरतात. जुन्या रंगाच्या १० मीटर मागून टेपने नवी रेषा आखा. मुलगा त्या रेषेच्या मागून पळायला लागला तर संघ बाद. झोनमध्ये जागा बॅटनची बघतात, अंगाची नव्हे.

हातमोजे आणि चिकट पदार्थ चालत नाहीत. बदलाआधी टॉवेलने तळवा आणि बॅटन कोरडी करा. मार्कसाठी लेनमध्ये एकच टेप, जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर रुंद आणि ४० लांब. सिंथेटिक ट्रॅकवर खडू नको.

बदलात बॅटन पडली तर देणाऱ्यानेच उचलायची. दुसऱ्याने उचलली की बाद. हे मुलांना आधी सांगून ठेवा, शर्यतीत गोंधळ नको.

चारशेवाला
४×४०० पण करणार असाल तर तिथला बदल वेगळा: बघून घ्यायचा, झोन २० मीटरचाच. दमलेला मुलगा शेवटी किती मंदावेल सांगता येत नाही, म्हणून घेणाऱ्याने त्याच्याकडे बघत वेग जुळवायचा. तिसरा आणि चौथा धावपटू, आपापले आत येणारे साथीदार २०० मीटरवर ज्या क्रमाने असतात त्याच क्रमाने, आतून बाहेर उभे राहतात. तो क्रम ठरल्यावर जागा बदलली तर बाद. देऊन झाल्यावर लगेच आत वळू नये, वाट मोकळी होईपर्यंत सरळ राहावे.

२०२३ ला बुडापेस्टमध्ये भारताच्या अनस, अमोज, अजमल आणि राजेश यांनी ४×४०० मध्ये २:५९.०५ चा तेव्हाचा आशियाई विक्रम केला. ती धाव मुलांना दाखवा. बदलाच्या क्षणी घेणारा कुठे बघतो आणि किती पळत असतो, तेवढेच थांबवून बघायला सांगा.