चढावर गरम झाली की गाडी बंद पडते, पंपच गेलाय का?

मातीरस्ता
मंडळी, 1997 ची पेट्रोल फोर बाय फोर आहे, इंजेक्शनवाली, पंप टाकीच्या आत. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, सपाटीला काही त्रास नाही, पण पाऊण तास चालवून चढाला लागलो आणि जरा पाय दिला की आधी झटके मग पिकअप गायब आणि मग बंद. वीस मिनिटं बॉनेट उघडून एकमेकांची तोंडं बघत बसायचं, परत सेल्फ मारला की जणू काही झालंच नव्हतं. प्लग बदलले, पेट्रोल फिल्टर बदलला. मेकॅनिक म्हणतो डोळे झाकून पंप टाका. पण टाकी उतरवायची म्हणजे आख्खा दिवस जाणार, आणि पंप टाकूनही तेच रडगाणं राहिलं तर? चावी ऑन केली की मागून दोन-तीन सेकंद घूंऽऽ आवाज येतो, म्हणजे पंप चालतोय ना?

डिफलॉक
पंपच आहे. गरम झाल्यावर मोटर दम तोडते, थंड झाली की परत फिरते. टाका आणि मोकळे व्हा.

तेलकट_हात
असू शकेल, पण मोजल्याशिवाय टाकू नका राव. आवाज येतो म्हणजे मोटर फिरते एवढंच कळतं, प्रेशर बनतंय की नाही ते आवाजावरून कळत नाही. टाकीच्या आतला रबरी पाइप चिरला असेल तर पंप मस्त आवाज करतो आणि अर्धं पेट्रोल टाकीतच गोल गोल फिरवत बसतो.

आधी एक सांगा, बंद पडताना झटके देऊन पडते की चावी काढल्यासारखी खटकन? झटके म्हणताय म्हणजे पेट्रोलवर संशय घ्यायला हरकत नाही, खटकन गेली असती तर मी स्पार्कच्या बाजूला, म्हणजे क्रँक सेन्सर नाहीतर कॉइलकडे बघितलं असतं.

मग प्रेशर गेज लावा. अशा गाड्यांना साधारण अडीच ते साडेतीन बार लागतं, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. लाइन उघडायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, नाहीतर तोंडावर पिचकारी येईल. गरम इंजिनवर हे अजिबात करू नका, आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. आयडलला प्रेशर रेग्युलेटरचा (पेट्रोलचं प्रेशर ताब्यात ठेवतो तो) व्हॅक्यूम पाइप काढून बघा, प्रेशर अर्ध्या बारच्या आसपास वर गेलं पाहिजे. त्या पाइपात पेट्रोल ओलं दिसलं तर रेग्युलेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटलाय, पंपाचा दोष नाही.

गंमत अशी की तुमचा प्रॉब्लेम उभ्या गाडीत दिसणारच नाही. गेजचा पाइप लांब घ्या, गेज बाहेरून पुढच्या काचेवर टेपने चिकटवा (केबिनमध्ये पेट्रोलची लाइन आणू नका, कितीही मोह झाला तरी) आणि चढाला न्या. झटके देताना काटा पडला तर पेट्रोल, काटा जागेवर आणि इंजिन मेलं तर स्पार्क. आणि हो, त्याच वेळी पंपाच्या कनेक्टरवर व्होल्ट मोजा. वायर लावलेली असताना, चालत्या पंपावर. कनेक्टर काढून मोजलं तर सडक्या वायरवरपण बारा व्होल्ट दिसतात.

डिफलॉक
एवढं सगळं करण्यात दिवस गेलाच की मग 😄

मातीरस्ता
रविवार घालवला बरं का, पण वसूल झाला. काटा सपाटीला 2.6 वर होता, चढाला झटके सुरू झाले तसा 1.4. म्हणजे पेट्रोलच. मग तेलकटभाऊंच्या सांगण्यावरून तिथेच, इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला. बॅटरीवर 14.1, पंपावर 10.6! साडेतीन व्होल्ट जातात कुठे?

तेलकट_हात
आता मजा आली. मीटरची एक पिन बॅटरी प्लसवर, दुसरी पंपाच्या प्लसवर, पंप चालू. मग तसंच निगेटिव्ह ते निगेटिव्ह. ज्या बाजूला जास्त आकडा, तिकडे चोर. प्लसला अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो, निगेटिव्हला 0.2 च्या वर नको.

मातीरस्ता
प्लस बाजूला 0.4, निगेटिव्हला 3.1. गाडीखाली झोपलो तर पंपाची अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर चेसिसच्या ज्या बोल्टवर आहे तो बोल्टच दिसेना, इतका चिखल. खरवडला तर आत गंजाचा पापुद्रा आणि लगची (वायरच्या टोकाच्या रिंगची) एक बाजू हिरवी. लग कापून नवीन लावला, चेसिस चकाकेपर्यंत घासली, वरून ग्रीस फासलं. आता पंपावर 13.6. त्याच चढावर दोनदा नेली, काटा 2.6 च्या खाली आलाच नाही, पाय दाबला की उलट वर सरकतो.

डिफलॉक
मान गये. मी दोन पंप टाकलेत आत्तापर्यंत, आता जाऊन माझा बोल्ट बघतो.

जुनीचाकं
माझी कार्ब्युरेटरवाली आहे, इंजिनला बाजूला लावलेला मेकॅनिकल पंप. चढाला हीच तक्रार. हे सगळं मला लागू होतं का?

तेलकट_हात
तुमच्याकडे बार-बीर काही नाही, तीन ते पाच पीएसआयचा खेळ. तो पंप पेट्रोल टाकीतून ओढून आणतो, त्यामुळे जुन्या रबरी पाइपाला केसाएवढी चीर असली तरी बाहेर थेंब पडत नाही, उलट हवा आत घेतो. टाकी ते पंप पाइप आधी बदला. बंद पडली की टाकीचं झाकण उघडा, फुस्सकन हवा आत गेली तर झाकणाचा व्हेंट (हवेचं भोक) चोकअप आहे. आणि सगळ्यात आधी, गाडी चालू करायच्याही आधी, इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं, लेव्हल वाढलेली दिसते. तसं असेल तर सेल्फ मारूच नका, पातळ ऑइलवर बेअरिंगं जातील.

जुनीचाकं
लेव्हल मॅक्सच्या बोटभर वर आहे. मला वाटायचं चांगलंय, ऑइल पीत नाही.

तेलकट_हात
चावी घरात ठेवा.