फॅमिली ग्रुप: होड्यांच्या साइटचं कुठवर आलं?

विलास नाना (धुळे): प्रशांत, मुंबईच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतवाल्यांसाठी करतोय त्या नव्या साइटची चाचणीची लिंक पाहिली. 2014 च्या निकालाचा जुना पत्ता टाकला तर "पान सापडलं नाही". 2016 चा टाकला, तेच. निकाल, शर्यतीच्या सूचना, दुरुस्तीची टिपणं, लोकांनी हे पत्ते ठिकठिकाणी जपून ठेवलेत. जुने पत्ते मोडायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

प्रशांत: नाना, अजून चाचणीच चालू आहे. पत्त्यांचं शेवटी करणार.

विलास नाना (धुळे): शेवटी करणार म्हणजे राहणार. पतपेढीच्या साइटचं काय झालं ते या ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रशांत: तो विषय इथे काढायची गरज नव्हती.

मोठी काकू (चोपडा): बिबड्या वाळल्या. ज्याला हव्या त्याने डबा पाठवा. पिशवीत देणार नाही, चुरा होतो.

तेजस: काकू माझा डबा धरा 🙏 नाना, होमपेज पाहिलं का? पूर्ण स्क्रीनभर शिडांचा व्हिडिओ टाकलाय.

स्वाती वहिनी: तेजसभाऊ, व्हिडिओ छान आहे, पण 18 एमबीचा आहे. ही मंडळी साइट उघडतात धक्क्यावर, भर उन्हात, बोटं ओली. त्यांना चार गोष्टी लागतात: आजची सूचना, भरती, वारा, निकाल. त्या चारही व्हिडिओच्या खाली गेल्यात. शिवाय आकाशी रंगावर करडी अक्षरं उन्हात दिसतच नाहीत. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातल्या फरकाचा नियम 4.5 ला 1 चा आहे, आपण 7 ला 1 धरू. पांढऱ्यावर जवळजवळ काळं. बटणं 48 पिक्सेलच्या खाली नकोत.

तेजस: मग डिझाइन कशाला म्हणायचं त्याला? सरकारी फॉर्म दिसेल.

स्वाती वहिनी: व्हिडिओ काढू नका, खाली न्या आणि दाबल्यावरच सुरू होऊ द्या. वर एकच स्थिर फोटो, 1600 पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या फाइलमध्ये. फोनसाठी त्याचीच 800 ची प्रत.

अण्णा (चाळीसगाव): तापीमा पानी नही अन् तुम्ही होड्या चालाडी राह्यनात 😄

मोठी काकू (चोपडा): अण्णा, तुझा डबा मागच्या वर्षीचाच परत आला नाही.

विलास नाना (धुळे): जुने पत्ते मोडायचे नाहीत. यादी कुठे आहे?

प्रशांत: देतो नाना. आधी तातडीचं. भरतीच्या वेळा चुकत होत्या, कारण सापडलं. सर्व्हर जागतिक वेळेवर आहे, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. मुंबईत भरतीपासून ओहोटी साधारण सव्वासहा तासांवर. म्हणजे भरती म्हणून दाखवत होतो तेव्हा पाणी जवळपास तळाला गेलेलं. वेळ साठवताना जागतिकच ठेवलीय, दाखवताना भारतीय करतोय.

स्वाती वहिनी: हे फार महत्त्वाचं होतं. आणि भरतीच्या आकड्याखाली एक ओळ हवीच: हा आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे. नकाशावरच्या खोलीत तो मिळवायचा असतो. नवखा माणूस 3.8 मीटर वाचतो आणि धक्क्याला तेवढं पाणी आहे असं धरून चालतो.

तेजस: वाऱ्याच्या चौकटीत "ताशी 12 नॉट" लिहिलंय, ठीक ना?

स्वाती वहिनी: "ताशी" काढा. नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल. खाली बारीक अक्षरात 22 किमी लिहा.

अण्णा (चाळीसगाव): इथे 44 डिग्री, दुपारी लाइट नाही. वारा कुठला भो.

प्रशांत: वहिनी, निकालाचा तक्ता क्रमाने लागत नाहीये. कमी गुणवाला वर हवा, पण 10 गुणवाला 2 गुणवाल्याच्या वर येतोय.

स्वाती वहिनी: गुण अक्षर म्हणून साठवलेत म्हणून. एकाच रकान्यात "24 डीएनएफ" (डीएनएफ म्हणजे शर्यत पूर्ण नाही) भरून ठेवलंय. दोन रकाने करा: एकात नुसता आकडा, दुसऱ्यात कारण. मालिकेत 23 होड्यांची नोंद असेल तर शर्यत पूर्ण न करणाऱ्याला 24, ओसीएसलाही, म्हणजे इशाऱ्याआधीच रेषा ओलांडून निघालेल्यालाही, 24. सगळ्यात वाईट म्हणून वगळलेली शर्यत कंसात दिसली पाहिजे, पण बेरजेत धरायची नाही. बरोबरी झाली की नावाच्या अक्षराने क्रम लावू नका, आता तसंच होतंय. दोघांचे गुण चांगल्यापासून वाईटाकडे मांडायचे, वगळलेले सोडून, आणि जिथे पहिला फरक पडेल तिथे निकाल. तरीही बरोबरी राहिली तर शेवटच्या शर्यतीत कोण पुढे होता ते बघायचं. तिथे मात्र वगळलेलीही धरायची.

प्रशांत: हे आधी सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

स्वाती वहिनी: पहिल्या आठवड्यात लिहून दिलंय. वर जाऊन बघा.

विलास नाना (धुळे): जुने पत्ते मोडायचे नाहीत. यादी.

तेजस: होड्यांची पानं केलीत. लेझर स्टँडर्ड, रेडियल, 4.7, तीन वेगळ्या होड्या, तीन रंग.

स्वाती वहिनी: तीन होड्या नाहीत, एकच आहे. तिन्हींचा सांगाडा तोच, 4.23 मीटर. डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदलतं: 7.06, 5.76 आणि 4.7 चौरस मीटर. एकच पान करा, त्यावर तीन शिडं. आणि 2019 पासून अधिकृत नाव इल्का 7, 6, 4. पण लोक अजून "रेडियल" असंच शोधतात. शोधात जुनं नाव टाकलं तरी इल्का 6 चं पान आलं पाहिजे.

तेजस: बरं. रंगाचे तीन तास गेले.

मोठी काकू (चोपडा): रावेरकडे काल वादळ झालं म्हणे. केळी आडव्या झाल्या. भाऊसाहेबांकडे कुणी फोन केला का?

अण्णा (चाळीसगाव): केला. अर्धा मळा गेला. पंचनाम्याची वाट पाहून राहिले.

मोठी काकू (चोपडा): देवा. संध्याकाळी मी बोलते वहिनींशी.

प्रशांत: नाना, दुरुस्तीची मराठी टिपणं जुन्या श्रीलिपी फाँटात होती. युनिकोडमध्ये आणली, पण "शर्यत" सगळीकडे "शयर्त" झालंय. जुन्या फाँटात रफार अक्षराच्या नंतर टाइप व्हायचा, कन्व्हर्टरने तो तिथेच ठेवला. पहिल्या वेलांटीचंही तसंच. रफार आधीच्या जागी नेणारा छोटा प्रोग्राम लिहिलाय, तरी प्रत्येक पान डोळ्याने वाचावं लागेल.

विलास नाना (धुळे): मी वाचतो. रोज दहा पानं पाठव. आणि यादी.

प्रशांत: ही घ्या. जुन्या सर्व्हरच्या नोंदवहीतून वर्षभरात कुणीही उघडलेले सगळे पत्ते काढलेत. प्रत्येकापुढे नवीन पत्ता, कायमचं वळण 301. जिथे नवीन पान नाही ते पिवळे केलेत. ते होमपेजवर ढकलणार नाही, माणूस गोंधळतो.

विलास नाना (धुळे): हे पाहिजे होतं. पिवळे 31 आहेत, मी बघतो.

अक्षू: पण घाई कशाला? पावसाळ्यात मुंबईत शिडं बंदच ना?

स्वाती वहिनी: जुलैत हैदराबादला हुसेनसागरात शर्यती असतात, पोरांचे प्रवेश त्याआधी भरावे लागतात. आणि अक्षू, प्रवेशाच्या यादीत ऑप्टिमिस्टवाल्या (लहान मुलांची होडी) मुलांची जन्मतारीख आणि पालकांचा मोबाइल उघडा दिसतोय. आजच काढ. यादीत शिडाचा नंबर, नाव आणि गट, बस्स. 18 च्या खालच्या प्रत्येकासाठी पालकाची संमती वेगळी घ्यायची, 2023 च्या कायद्यात आहे.

अक्षू: काढतो लगेच.

प्रशांत: मग मंगळवारी पहाटे बदलूया. रविवारी सकाळी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे साइटचा पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा, 86400 वरून 300 करतो, म्हणजे काही बिघडलं तर पाच-दहा मिनिटांत मागे फिरता येईल. मेलच्या नोंदी आधी उतरवून घेतो, नाहीतर साइट चालते आणि त्यांचं ईमेल गायब होतं. चाचणीच्या साइटवर गूगलला "येऊ नको" म्हणणारी जी ओळ आहे, ती मंगळवारी काढली का हे अक्षूने तपासायचं. जुना सर्व्हर महिनाभर चालू ठेवायचा, त्याचं भाडं मी देतो.

विलास नाना (धुळे): भाडं निम्मं माझं.

तेजस: व्हिडिओ खाली नेला. 18 चा 3 एमबी केला.

मोठी काकू (चोपडा): डबे रविवारच्या आत. सोमवारी मी रावेरला निघाले.