पुरात उभी राहिलेली गाडी: खालचा गंज घरी काढता येईल का?

बडोदेकर७१: २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीत शिरलं, तेव्हा बाबांची गाडी दोन दिवस पाण्यात होती. परवा वाकून पाहिलं तर खालच्या पत्र्याचे पोपडे सुटलेत. बाबा आता नाहीत, गाडी विकायची नाहीये. गॅरेजवाला म्हणतो, वरून काळं कोटिंग मारू. मन मानत नाही.

मांडवीचा मिस्त्री: दादा, मानूही नका. गंजावर रबर कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि पत्रा सडतच राहतो. आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. आरपार गेला तर ते वेल्डिंगचं काम, घरचं नाही. नुसता वरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने खरवडा, धुवा, पूर्ण वाळू द्या. मग फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाचा टिकाऊ थर करणारं रसायन), त्यावर प्राइमर, शेवटी कोटिंगचे दोन पातळ हात. सायलेन्सर, ब्रेक आणि अ‍ॅक्सलचे रबरी बूट (सांध्यांवरची आवरणं) झाकून घ्या. दारांखालची निचऱ्याची भोकं मात्र तारेने मोकळी करा. पुराचा गाळ तिथेच बसतो. माझ्या गाडीतून मूठभर निघाला होता! आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावाच.

अलकापुरी_ताई: मे महिन्यात करा. पावसाळी हवेत पत्रा नीट वाळतच नाही.

बडोदेकर७१: टोचून पाहिलं. डावीकडे एका जागी आरपार गेला. उद्या वेल्डरकडे नेतो, बाकीचं मी करीन.